पहिल्यांदा चर्चला येताना, आणि चर्चमध्ये लग्न ठरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. काही जण रविवारी सकाळी दारापर्यंत येतात आणि आत जावं की नाही या विचारात पायरीवर घुटमळतात. काही जण लग्नाची तारीख मनात धरूनच येतात. दोघांनाही धास्ती एकच असते: इथल्या रीती आपल्याला ठाऊक नाहीत, चारचौघांत काही चुकलं तर?

आधी एक खुलासा. हे पान प्रॉटेस्टंट चर्चबद्दल आहे, म्हणजे सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या धर्मसुधारणेतून कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या परंपरांबद्दल. प्रॉटेस्टंट ही एकच संस्था नाही. लूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल अशा अनेक परंपरा या नावाखाली येतात आणि प्रत्येकीचे नियम थोडे वेगळे असतात. म्हणून खाली ‘बहुतेक ठिकाणी’ हे शब्द वारंवार भेटतील. तुम्ही ज्या चर्चमध्ये जाणार आहात तिथल्या पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, शब्द या पानापेक्षा वरचढ समजा.

नव्याने येणाऱ्यांसाठी

मी ख्रिस्ती नाही. रविवारच्या उपासनेला आलो तर चालेल का?

चालेल. कुणाची परवानगी लागत नाही, आधी कळवावंही लागत नाही. दारात उभं असलेलं माणूस नाव विचारेल, गीतपुस्तक हातात देईल आणि जागा दाखवेल. नाव सांगायचं नसेल तर नुसतं हसून आत गेलात तरी कुणी अडवणार नाही.

काय घालावं? कुठे बसावं?

एरवी चारचौघांत जाताना घालता ते कपडे घाला. बसायला जागा ठरलेल्या नसतात. काही जुन्या सभासदांच्या आवडत्या जागा असतात खऱ्या, पण त्यांनी नव्या माणसाला उठवलं तर चूक त्यांची. पहिल्यांदा येत असाल तर मधल्या ओळीत बसा. शेवटच्या बाकावरून पुढचे लोक कधी उठतात, कधी बसतात हे नीट दिसत नाही. पहिल्या बाकावर बसलात तर बघायला पुढे कुणीच नसतं.

उपासनेत नेमकं काय होतं?

गीतं, प्रार्थना, बायबलचं वाचन, उपदेश, अर्पण आणि शेवटी आशीर्वचन. क्रम बदलतो, घटक साधारण हेच. वेळ तास-दीड तास. पेंटेकॉस्टल मंडळीत (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) दोन तासांच्या वरही जाऊ शकतो. अँग्लिकन आणि लूथरन चर्चमध्ये बरंचसं छापील क्रमाने चालतं आणि मंडळी मध्येमध्ये उत्तरादाखल वाक्यं म्हणते. बाप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल उपासनेत प्रार्थना बहुधा उत्स्फूर्त असते.

सगळ्यात जास्त वेळ उपदेशाला जातो. धर्मसुधारणेच्या चळवळीने बायबलचं वाचन आणि त्याचा अर्थ सांगणं उपासनेच्या मध्यभागी आणलं, तेही लोकांच्या बोलीत. त्यामुळे काही चर्चमध्ये पुलपीट, म्हणजे उपदेशाचं उंच व्यासपीठ, वेदीपेक्षाही ठळक जागी दिसतं. उपदेश लांबला तर चुळबुळ करणारे तुम्ही एकटे नसाल.

मला गाता येत नाही. गावंच लागतं का?

नाही. नुसतं उभं राहिलात तरी चालतं, बसून राहिलात तरी. पण सगळे मिळून गाणं हा या परंपरेचा जुना गाभा आहे. लूथरपंथीयांची पहिली छापील गीतपुस्तिका १५२४ सालची. तिच्यात फक्त आठ गीतं होती. गाण्याचं काम गायकवृंदावर न सोडता मंडळीनेच गायचं, ही कल्पना तिथून पसरली. अर्थात धर्मसुधारणेचे सगळे पुढारी गाण्याचे भोक्ते नव्हते. झुरिकमध्ये त्सविंग्लीने उपासनेतलं संगीतच बंद केलं, आणि हा माणूस स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा होता! जिनिव्हात कॅल्व्हिनने वाद्यांविना स्तोत्रं गाण्यावर भर दिला. आज काही चर्चमध्ये ऑर्गन असतो, काहींत गिटार आणि ड्रम, काहींत दोन्ही. आणि त्यावरून सभासदांत वादही असतात. त्या वादात पहिल्याच रविवारी पडू नका.

प्रभुभोजनाच्या वेळी मी काय करावं?

हा प्रश्न नवे लोक सहसा विचारत नाहीत, नुसते गोंधळतात. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. त्यात भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो तेव्हा कुणी घ्यायचा याचे नियम चर्चनुसार बदलतात. काही ठिकाणी येशूवर विश्वास ठेवणाऱ्या कुणालाही आमंत्रण असतं, काही ठिकाणी बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी) झालेल्यांनाच, तर काही ठिकाणी फक्त त्या मंडळीच्या सभासदांना. पाळक वाटपाआधी तसं सांगतात. शंका असेल तर जागेवर बसून राहा. लोक रांगेने पुढे जात असतील आणि तुम्हालाही जावंसं वाटलं, तर अनेक ठिकाणी हात छातीवर दुमडून उभं राहिलं की भाकर न देता आशीर्वाद देतात.

बसून राहणारे तुम्ही एकटेच नसता. जुने सभासदही कधीकधी घेत नाहीत, आणि का घेतलं नाही हे त्यांना कुणी विचारत नाही. तुम्हालाही विचारू नये.

प्याल्यात दारू असते का, हेही विचारतात. अँग्लिकन आणि लूथरन चर्चमध्ये बहुधा वाइन असते. मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट परंपरेत बहुतेक ठिकाणी न आंबवलेला द्राक्षरस. त्यामागे थॉमस वेल्च नावाचा एक मेथडिस्ट दंतवैद्य आहे. द्राक्षरस तापवून तो आंबण्यापासून रोखायची पद्धत त्याने १८६९ मध्ये बसवली, ती प्रभुभोजनासाठीच. गव्हाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. अनेक ठिकाणी वेगळी भाकर ठेवतात.

अर्पणाची थैली समोर आली तर?

पुढे सरकवा. मंडळीचा खर्च उचलणं हे सभासदांचं काम आहे, पाहुण्यांचं नाही.

लहान मुलं सोबत आहेत. रडली तर?

रडू द्या. फारच झालं तर बाहेर फेरी मारून परत या. अनेक ठिकाणी उपासनेच्याच वेळी मुलांसाठी संडे स्कूल असतं. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी कामकरी मुलांसाठी असे वर्ग चालवले आणि ती चळवळ पसरली; आठवडाभर राबणाऱ्या मुलांना लिहायला-वाचायला रविवारीच फुरसत मिळायची. आता तिथे बायबलमधल्या गोष्टी, गाणी, चित्रं असं चालतं. मात्र मुलाला अनोळखी खोलीत सोडण्याआधी शिक्षक कोण आहेत, मुलाला न्यायला कुणाला परवानगी आहे, हे निःसंकोच विचारा. चांगल्या चर्चमध्ये याचे लेखी नियम असतात आणि विचारलं म्हणून कुणी नाराज होत नाही.

कॅथलिक चर्चपेक्षा इथे वेगळं काय दिसेल?

डोळ्यांना आधी जाणवेल ते हे की मूर्ती कमी किंवा अजिबात नसतात आणि क्रूस बहुधा रिकामा असतो, त्यावर येशूची आकृती नसते. लूथरन चर्चमध्ये मात्र आकृतीसह क्रूस दिसू शकतो. पोपचा अधिकार मानला जात नाही. पाळक विवाहित असू शकतात. अनेक परंपरांत पाळक स्त्रियाही असतात. संस्कार सातऐवजी दोन मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न त्या दोनांत नाही. याचा परिणाम काय होतो ते पुढे लग्नाच्या भागात येईल.

बाप्तिस्मा घ्या म्हणून मागे लागतील का?

लागू नयेत. बाप्तिस्मा म्हणजे जाहीर कबुली. ती घाईत घेण्याची गोष्टच नाही, आणि देण्याचीही नाही. जिथे सज्ञानांना बाप्तिस्मा देतात तिथे आधी शिकवण्याचा वर्ग असतो. बाप्टिस्ट परंपरेत स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. अँग्लिकन, लूथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन हे तान्ह्या बाळांनाही देतात, बहुधा डोक्यावर पाणी ओतून किंवा शिंपडून. तुम्ही वर्षानुवर्षं नुसते येऊन बसत राहिलात तरी कुणी बाहेर काढणार नाही. कुणी फारच आग्रह करू लागलं तर पाळकांच्या कानावर घाला.

माहितीचं कार्ड भरायला देतात, तेही ऐच्छिकच. फोन यायला नको असेल तर नंबर लिहू नका.

लग्न करू इच्छिणाऱ्यांसाठी

आम्ही इथले सभासद नाही. तरी इथे लग्न लागेल का?

अनेक ठिकाणी लागतं, काही ठिकाणी नाही. काही मंडळ्यांत दोघांपैकी एक तरी सभासद असावा लागतो, काहींत दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये तर तुम्ही त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चला नेमून दिलेल्या परिसराच्या, हद्दीत राहत असाल तर तिथे लग्न करण्याचा कायदेशीर हक्कच असतो, मग रविवारी कधी आला नसाल तरी.

स्पष्टच सांगायचं तर चर्च म्हणजे भाड्याने मिळणारा हॉल नव्हे. लग्नाचा विधी ही उपासना असते. तुम्ही दोघं देवासमोर आणि मंडळीसमोर वचन देता, आणि आलेले लोक तिथे बघे म्हणून बसलेले नसतात. अनेक विधींत पाळक त्यांनाही विचारतात, ‘या दोघांना तुम्ही साथ द्याल का?’ आणि सगळ्यांनी मिळून ‘देऊ’ म्हणायचं असतं. इमारत सुंदर आहे, फोटो छान येतील, एवढ्याचसाठी येत असाल तर निदान पाळकांना तसं खरं सांगा. खरं सांगणाऱ्याशी बोलणं सोपं जातं.

तारीख किती आधी ठरवावी?

निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर. आणि क्रम उलटा करू नका: आधी पाळकांशी बोला, मग हॉलची अनामत भरा. लग्नाच्या तयारीत सगळ्यात जास्त वादावादी होते ती हा क्रम चुकल्यामुळे. पत्रिका छापून झालेल्या असतात आणि त्या दिवशी चर्चमध्ये दुसरं लग्न असतं, किंवा तो पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या लगेच आधीचा आठवडा, असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात काही चर्च लग्न लावतच नाहीत, काही साधेपणाने लावतात. गुड फ्रायडेला तर विचारूही नका.

चर्चमध्ये लग्न झालं की कायद्यानेही झालं का?

देशावर अवलंबून आहे, आणि हे गृहीत धरू नका. फ्रान्समध्ये धार्मिक विधीआधी नगरपालिकेत नागरी विवाह झालेला असावाच लागतो. हा नागरी विवाह १७९२ पासूनचा. नेदरलँड्समध्येही आधी नागरी विवाह. अशा ठिकाणी चर्चमधला विधी म्हणजे झालेल्या विवाहावर मागितलेला आशीर्वाद. अमेरिकेत आधी सरकारी परवाना काढायचा, विधीनंतर पाळक त्यावर सही करतात. भारतात १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे: दोघांपैकी निदान एक ख्रिस्ती हवा, विधी लावणाऱ्याला कायद्याने तसा अधिकार हवा, आणि विशेष परवाना नसेल तर विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच व्हायला हवा.

चर्च आणि सरकारी कचेरी यांची ही वाटणी नवी नाही. मार्टिन लूथरने १५२९ च्या आपल्या विवाह-पुस्तिकेत लग्नाला ऐहिक व्यवहार म्हटलं, आणि त्याच पुस्तिकेत चर्चने आशीर्वाद कसा द्यावा याचा क्रमही लिहून दिला. लग्न हा संस्कार नाही असं मानूनही ते हलकं लेखलं नाही. तो स्वतः एके काळचा मठवासी. १५२५ मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं. पाळकाचं घर, बायको, मुलं हे चित्र प्रॉटेस्टंट जगात रूढ व्हायला या जोडप्याचा मोठा हातभार लागला.

कोणती कागदपत्रं लागतील?

वयाचा आणि ओळखीचा पुरावा, बाप्तिस्म्याचा दाखला असल्यास तो, आणि तुम्ही विवाहास मोकळे आहात याचा पुरावा. आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. परदेशी नागरिक असाल तर दूतावासाकडूनही कागद लागू शकतो आणि त्याला वेळ लागतो. साक्षीदार बहुतेक ठिकाणी दोन. नावांचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर सारखं आहे का ते आजच बघा.

रविवारी आमची नावं का पुकारतात?

अमुक आणि तमुक लग्न करणार आहेत, कुणाला काही अडचण माहीत असेल तर सांगा, अशी ती जाहीर सूचना. १२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने ती साऱ्या पाश्चात्त्य चर्चला लागू केली, म्हणजे प्रॉटेस्टंट चळवळीच्या तीनशे वर्षं आधी. चोरून होणारी लग्नं आणि आधीच विवाहित असलेल्याचं दुसरं लग्न रोखणं हा हेतू. इंग्लंडच्या चर्चमध्ये आजही लग्नाआधीच्या तीन महिन्यांत तीन रविवारी नावं वाचतात. सगळ्या परंपरांत ही पद्धत राहिलेली नाही. जिथे आहे तिथे त्या रविवारी जरूर या: मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करते, आणि उपासनेनंतर चार अनोळखी माणसं येऊन हात हातात घेतात.

विवाहपूर्व समुपदेशन सक्तीचं आहे का?

बऱ्याच ठिकाणी हो. जोडपी कुरकुरत येतात. पहिल्या बैठकीत प्रेमाबद्दल बोलतील अशी अपेक्षा असते आणि पाळक विचारतात, ‘कर्ज कुणावर किती आहे?’ मग पुढे: पगार एकत्र ठेवणार की वेगळे? आईवडिलांना सांभाळायचं कुणी? मुलं हवीत का, आणि झाली नाहीत तर? भांडण झालं की तुमच्यापैकी कोण गप्प बसतं? या शेवटच्या प्रश्नावर दोघंही एकमेकांकडे बघतात आणि बहुधा दोघांची उत्तरं जुळत नाहीत. तारखेपेक्षा, फुलांपेक्षा, कपड्यांपेक्षा हे तास मोलाचे आहेत असं माझं ठाम मत आहे. इथे झालेल्या बोलण्यामुळे एखाद्या जोडप्याने लग्न पुढे ढकललं तर तेही अपयश मानू नये.

आणि एक. जोडीदाराची भीती वाटत असेल, किंवा लग्नासाठी घरून जबरदस्ती होत असेल, तर पाळकांना एकटं भेटायचं आहे असं सांगा. ती विनंती मान्य व्हायलाच हवी. संमती नसेल तर पाळकांनी विधी लावायचाच नसतो.

आमच्यापैकी एक जण दुसऱ्या धर्माचा आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघा, मग मंडळीचा नियम. काही पाळक पूर्ण विधी लावतात, काही नागरी विवाहानंतर आशीर्वादाची प्रार्थना करतात, काही नाही म्हणतात. नकार मिळाला तर त्याचं कारण विचारा. ते सांगणं हे त्यांचं काम आहे. लग्नासाठी म्हणून धर्म बदलायचा विचार असेल तर थांबा. दुसऱ्याच्या घरच्यांना खूश करायला घेतलेला बाप्तिस्मा पुढे दोघांनाही जड जातो. वचनातले देवाचे उल्लेख तुम्हाला मनापासून म्हणता येतील का, हे विधीचा कागद हातात घेऊन आधीच ठरवा.

घटस्फोट झालाय. पुन्हा चर्चमध्ये लग्न होईल?

अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये होतं, पण पाळक आधीच्या लग्नाबद्दल विचारतील. इंग्लंडच्या चर्चने २००२ मध्ये, अपवादात्मक परिस्थितीत पाळकाच्या विवेकावर, याला वाट दिली. समलिंगी विवाहाबाबतही परंपरा विभागलेल्या आहेत: स्वीडनचं चर्च २००९ पासून असे विवाह लावतं, बहुसंख्य चर्च लावत नाहीत. इथे अंदाज बांधत बसू नका, पहिल्याच फोनवर विचारा.

वचनं आम्ही स्वतः लिहिली तर?

पाळकांना दाखवा. बहुतेक ठिकाणी ठरलेली वचनं ठेवून त्यांना जोड देता येते, ती गाळता येत नाहीत. इंग्रजी जगात प्रचलित असलेली वचनं मूळची १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली. त्यात नवरीने ‘आज्ञा पाळीन’ असंही म्हणायचं होतं. आज बहुतेक विधींत दोघांची वचनं सारखीच असतात. माझा कल जुन्या शब्दांकडे आहे. सुखात, दुःखात, आजारात, गरिबीत: यातलं काय वाट्याला येईल हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपण लिहायला बसलो की आजार आणि गरिबी आपसूक वगळली जातात.

अंगठीबद्दलही विचारतात. ती नसली तरी वचन वचनच असतं. इंग्लंडमधल्या प्युरिटन लोकांना, म्हणजे चर्चमधल्या जुन्या कॅथलिक रीती काढून टाका म्हणणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांना, तर अंगठीच नको होती. १६०३ मध्ये राजाला दिलेल्या अर्जात ती त्यांच्या तक्रारींत होती.

कोणता उतारा वाचावा?

बहुतेक जोडपी करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १३ निवडतात, प्रीती सहनशील आहे तो. निवडा, सुंदर आहे. फक्त एवढं माहीत असू द्या की हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तो नवदांपत्याला लिहिला नव्हता. गटबाजी करणाऱ्या, एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या मंडळीला लिहिला होता. रूथच्या पुस्तकातला, तुम्ही जाल तिथे मी येईन, हा उताराही आवडीचा. ते शब्द रूथ नवऱ्याला नाही, सासूला म्हणते.

संगीत, फोटो, फुलं?

नवरी येताना आणि जोडपं जाताना ज्या दोन प्रसिद्ध धून वाजवतात, त्यांतली एक वाग्नरच्या ऑपेरातली, दुसरी मेंडेल्सोनने शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिलेली. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नानंतर त्यांची चाल पडली. काही पाळकांना त्या उपासनेत नको असतात, म्हणून आधी विचारा. फोटोग्राफरने पाळकांना आधी भेटावं आणि वचनांच्या वेळी वेदीपाशी घोटाळू नये. फुलं तुमच्या आवडीने लावा. फक्त खिळे आणि चिकटपट्टी टाळा.

पैसे किती?

प्रत्येक मंडळीचा तक्ता असतो, लेखी मागा. ऑर्गन वाजवणारा, दिवे-ध्वनी बघणारा, साफसफाई करणारा यांचे वेगळे असू शकतात. खर्च झेपत नसेल तर सांगा. निव्वळ पैशांअभावी लग्न नाकारणारी मंडळी मला तरी समजणार नाही. साध्या विधीला पाळक, साक्षीदार आणि तुम्ही दोघं पुरता.

आम्ही आधीपासून एकत्र राहतो. सांगावं का?

सांगा. दोघांचा पत्ता एकच असला की अर्जावर तो दिसतोच. काही पाळक त्यावर बोलतील, काही नाही.

सरावाला कुणी यायचं, आणि कधी?

तुम्ही दोघं, साक्षीदार, वाचन करणारे, आणि नवरीसोबत चालत येणारं कुणी असेल तर ते. बहुधा आदल्या एक-दोन दिवसांत, तासाभराचं काम. कोण कुठे उभं राहणार, अंगठ्या कुणाच्या खिशात, सही कुठल्या टेबलावर, हे तिथे ठरतं. मोठ्याने बोलायचा सराव तेव्हाच करा. शेवटच्या बाकावरच्या आजींनाही तुमचं वचन ऐकू जायला हवं. लग्नाच्या दिवशी वेळेवर या. त्याच दुपारी पाळकांना दुसरं लग्न किंवा एखादा अंत्यविधी असू शकतो.